‘पॉइंट’ आणि पायवाट

थंड हवेच्या ठिकाणांविषयी आपण बोलू लागलो की ते बोलणे बहुधा ‘पॉइंट’च्या भाषेत होते. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की त्याला प्रतिशब्द शोधावा असे कुणाला वाटत नाही. आमच्या मते हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. त्या शब्दाबरोबर निसर्ग पाहण्याची एक रीतच आपल्याकडे आली. पॉइंट म्हणजे कठड्याशी उभे राहून दरी पाहण्याची नेमून दिलेली जागा. तिथे पोचायचे, पाहायचे आणि पुढच्या जागेकडे निघायचे. दोन जागांमधली वाट हिशेबात धरायची नाही.

माथेरान हे याचे ठळक उदाहरण. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेले आणि माथेरानचा ‘शोध’ लागल्याची नोंद झाली. धनगर, ठाकर, कातकरी यांना हे रान त्याआधीच पायाखालचे होते. नावे मात्र रूढ झाली ती अलेक्झांडर, लुईझा आणि शार्लट यांची. शार्लट तलावाजवळच पिसरनाथाचे स्थान आहे. पर्यटकाला तलाव ठाऊक असतो, भाविकाला पिसरनाथ. एकाच पाण्याच्या आसपास पाहण्याच्या या दोन रीती नांदतात आणि त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नसते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत आम्ही एक दिवस सहकुटुंब माथेरानला गेलो होतो. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षातून जायचे. तांबड्या धुळीच्या त्या वाटेने आम्ही आणि मुले चालत होतो. आईंच्या गुडघ्यांना चढ सोसवत नसल्यामुळे त्या हातरिक्षात बसल्या. एक जण पुढून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते. चढावर त्यांचे बोलणे थांबे, उतारावर पुन्हा सुरू होई. त्यांच्या बोलण्यातून पाऊस, घोड्यांच्या चाऱ्याचे भाव, मुलांच्या शाळा असे विषय कानावर येत होते. आईंनी त्यांतल्या एकाला गाव विचारले. त्याने दरीत बोट दाखवून एक वाडी दाखवली. दिवसभरात आम्ही पाहिलेल्या देखाव्यांपैकी नेमका तेवढाच भाग कुणाचे तरी घर म्हणून आमच्यासमोर आला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर धाकट्याने ‘आमची सहल’ हा निबंध लिहिला. त्यात पॉइंट क्रमाने आले होते, माकडे होती, चिक्की होती, मावळता सूर्यही होता. आजीची रिक्षा ओढणारे तिघे नव्हते. मुलाला दोष देण्याचे कारण नाही. निबंधात काय शोभते हे त्याला वर्गात नीट शिकवलेले होते. महाविद्यालयात आमच्यासमोर येणाऱ्या प्रवासवर्णनांतही हेच घडते. हिरवा शालू, धुक्याची दुलई, डोळ्यांचे पारणे या ठरलेल्या शब्दकळेत घाम बसत नाही, म्हणून तो गाळला जातो.

मराठी गद्याची परंपरा मुळात अशी नव्हती. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आठवावा. १८५७च्या धामधुमीतले त्यांचे अनुभव सांगणारे हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली तीही १९०७ सालीच. हा योगायोगच, पण बोलका आहे. गोडसे भटजींच्या प्रवासाला देखाव्याची जागा नाही, वाट आहे. भूक, लूट, भीती आणि वाटेत भेटणारी माणसे त्यांच्या वाक्यावाक्यांत येतात, कारण ते सारे त्यांच्या अंगावरून गेलेले आहे. पुढे गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचा डोंगर ठाकरांच्या बाजूने पाहिला. असे लेखन आमच्या अभ्यासक्रमांतही असते. ते आम्ही ‘प्रादेशिक’ या सदरात शिकवतो आणि निसर्गवर्णनाचा तास वेगळा घेतो.

सुटी विसाव्यासाठी असते, तिथे समाजशास्त्र कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. दरीकाठचा वारा खाताना कुणी अपराधी वाटून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. पण आनंद घेणे वेगळे आणि त्या आनंदाचा भार वाहणारा माणूस वर्णनातून वगळणे वेगळे. वगळण्याची ही सवय कागदापुरती राहत नाही. माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी आणि ती ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षांची योजना आखावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ही प्रथा माणुसकीला धरून नाही, हे स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागले. इतकी वर्षे लाखो डोळे ती पाहत होते, आणि त्यांतले बरेच शिकलेले, वाचणारे, लिहिणारे होते. न दिसण्याचे शिक्षण त्यांना कुठेतरी मिळालेच असणार. त्यात भाषेच्या तासाचा वाटा किती, हा प्रश्न आपण मराठी शिकवणाऱ्यांनी टाळू नये.

उपाय मोठा नाही. प्रवासवर्णनाचा स्वाध्याय देताना एकच अट घालावी: पॉइंटविषयी लिहू नका, दोन पॉइंटांमधल्या वाटेविषयी लिहा. ती कुणी पाडली, तिच्यावरून कोण काय वाहून नेतो, तिथे कोण बसून काय विकते, हे विचारून लिहा. ‘डोळ्यांचे पारणे’ आपोआप गळून पडेल. विद्यार्थ्याला क्रियापदे शोधावी लागतील, आणि क्रियापदे आली की त्यांचा कर्ताही लिहावा लागेल.