दिगू टिपणीसचे हसू

गुन्ह्याच्या चित्रपटात शेवटी गुन्हेगाराला बेड्या पडतात आणि प्रेक्षक सुखाने घरी जातो. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तस्कर आहेत, खुर्चीचे सौदे आहेत, बेड्या मात्र कुणालाच पडत नाहीत. बंडाची तडजोड होते. हे सारे जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, अखेर वेड्यासारखा हसत सुटतो. मूळ कादंबऱ्या लिहिणारे अरुण साधू स्वतः पत्रकार होते. सगळे ठाऊक असूनही काहीच बदलत नाही, ही वेदना त्यांना परकी नव्हती. आपणही गुलमंडीवर चहा घेताना बातमी वाचतो, ‘हे असेच चालायचे’ म्हणून पान उलटतो. दिगूला निदान वेड लागले. आपण शहाणेच राहतो, हीच खरी काळजीची गोष्ट.