मधुमेहाच्या शस्त्रक्रियेला अट वजनाची का?



मे २०२२ मध्ये बंगळूरुत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण कन्नड मालिका-अभिनेत्रीचा मृत्यू झाला. तेव्हापासून इथे मधुमेहावरच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की 'चरबी काढतात तीच ना?' असे विचारले जाते. ती ही नव्हे. लायपोसक्शनने पोटाची चरबी काढली तरी इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची खोड सुटत नाही, हे २००४ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या अभ्यासात दिसले. मधुमेहावरची ही 'मेटाबॉलिक' शस्त्रक्रिया होते ती जठर-आतड्यांवर. तिच्यातल्या बायपास प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे आतड्यातली संप्रेरके बदलतात, आणि वजन फारसे उतरण्याआधीच साखर उतरू लागते.

आपला आरोग्य विमा मात्र अजून वजनकाट्यावरच अडला आहे. विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या प्रमाणित कलमानुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, ४० हवा. नाहीतर किमान ३५ आणि सोबत आटोक्याबाहेरचा मधुमेह किंवा हृदयविकारासारखा आजार हवा. हे माप आपल्या अंगाला बसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनांनी संयुक्तपणे सांगितले की औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर बीएमआय ३० पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून. आपल्याकडे २९ बीएमआयच्या रुग्णाला हा लाखांचा खर्च खिशातून करावा लागतो.

अट सैल केली तर रुग्णालये दिसेल त्याला टेबलावर घेतील, ही भीती खोटी नाही. 'मधुमेहमुक्त व्हा' अशा जाहिराती करणाऱ्यांनीच ती ओढवून घेतली आहे. अमेरिकेतल्या 'स्टॅम्पीड' चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (सरासरी साखरेचे माप) सहा किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के होते, केवळ औषधांच्या गटात ५ टक्के. फरक मोठा आहे, पण ही मुक्ती नव्हे. शिवाय बी१२, लोह यांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर मागे लागतात. मधुमेह जुना होऊन स्वादुपिंड थकले की फायदाही घटतो. मग विम्यासाठी बीएमआय ३५ पर्यंत चढण्याची वाट रुग्णाने का पाहावी?

नियामकाने मधुमेही रुग्णांसाठी ही अट २७.५ वर आणावी. त्याबरोबर औषधोपचार नीट करून पाहिल्याची नोंद आणि शस्त्रक्रिया न करणाऱ्या मधुमेहतज्ज्ञाचे लेखी मत सक्तीचे करावे. विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी आपल्या रुग्णांची पाच वर्षांनंतरची साखर जाहीर करावी. ज्यांना ते जमत नसेल, त्यांनी जाहिरातीचे फलक उतरवावेत.

— एक वाचक, मल्लेश्वरम, बंगळूरु