‘ओके’ म्हणजे होय, की नुसते ‘हं’?

उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा. एक शब्द मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी सारखाच ऐकू येतो, तो म्हणजे ‘ओके’. पाळी सुरू झाली की पहिला पीस ओके झाला का, हा पहिला प्रश्न. ऑपरेटर भोकाला गेज लावतो. गेजची ‘गो’ बाजू आत जायला हवी, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. दोन्ही जमले तर जॉब ओके, नाहीतर रिवर्क किंवा रिजेक्ट. ओके म्हणणाऱ्याची सही कागदावर असते. माल परत आला तर जाब त्यालाच विचारला जातो.

तोच माणूस संध्याकाळी घरी येतो. बायको म्हणते, ‘‘रविवारी निपाणीला आईकडे जायचंय हं.’’ हा मोबाईलवरची नजर न काढता म्हणतो, ‘‘ओके.’’ आता याचा अर्थ काय लावायचा? जायचे ठरले? ऐकले, पण विचार केला नाही? की विषय संपवायचा होता? घरातल्या ‘ओके’ला लावायला कोणाकडेच गेज नसते. रविवार उजाडला की मग वाद!

गंमत म्हणजे या शब्दाचा जन्मच थट्टेतून झाला आहे. अमेरिकेत त्या काळी मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे वापरायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे सगळे बरोबर. त्यातला ‘ऑल’ ओ-ने आणि ‘करेक्ट’ के-ने लिहिला, की झाले ‘ओ. के.’. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो असा छापून आला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचे टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ‘ओके’ क्लब काढले. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र जिंकला! हा सारा माग ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३-६४ मध्ये लावला.

आपल्याकडे तो ट्रकच्या पाठीवर बसून गावोगाव फिरला. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, तरी ती अक्षरे लोकांच्या डोळ्यांपुढून गेलेली नाहीत. २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले फोनवरचे बोलणे गाजले आणि ‘एकदम ओक्के’ घराघरांत पोचले. तिथे ‘ओके’चा अर्थ होकार नव्हता, मजेत आहे असा होता.

आता आपल्या घरातले शब्द पाहा. ‘होय’ म्हणजे स्पष्ट होकार. ‘बरं’ म्हणजे तुझे ऐकले आणि मानले. ‘चालेल’मध्ये थोडी तडजोड आहे. ‘जमेल’मध्ये आपल्या ताकदीचा अंदाज आहे. ‘असू दे’मध्ये मन मोठे करणे आहे. ‘कबूल’ म्हणजे शब्द दिला, आणि ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच!

कन्नडही इथे मागे नाही. ‘हौदु’ म्हणजे होय, ‘सरी’ म्हणजे बरोबर, ‘आगली’ म्हणजे होऊ दे. ‘आतु’ म्हणजे शब्दशः ‘झाले’. कामाला हातही लागलेला नसतो, पण ऐकणाऱ्याने निश्चिंत व्हावे. आणि ‘अड्डी इल्ला’ तर आपल्या ‘हरकत नाही’चा सख्खा भाऊच. दोन्ही भाषांनी होकार द्यायला ‘आडकाठी नाही’ हीच वाट धरली. इकडचे कन्नड बोलणारे ‘बरोबरी’ म्हणतात तेव्हा तो शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

शिवाय मान राखायची सोय आहे. सासऱ्यांना ‘हौद्री’, शेजारच्या काकांना ‘होय ओ’, धाकट्याला नुसते ‘हं’. ‘ओके’ला वय नाही, नाते नाही. म्हणून तर त्यालाही आपण शेपूट जोडतो आणि ‘ओके री’ म्हणतो. आजी समोर असताना नुसते ‘ओके’ तोंडातून निघाले की कुठेतरी खटकते, हे त्या ‘री’वरून कळते.

यात केवळ भाषेचा लाडिकपणा नाही. डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतात, आजोबा ‘ओके’ म्हणतात आणि घरी येऊन सकाळची गोळी रात्री घेतात. कामावर नव्याने आलेल्या, दुसऱ्या राज्यातल्या हेल्परला मशीन चालू असताना हात कुठे घालायचा नाही हे मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितले जाते. तोही ‘ओके’ म्हणतो. त्याला सगळे समजले असे धरून चालणे धोक्याचे असते, कारण न समजल्याची लाज झाकायला ‘ओके’सारखा सोपा शब्द नाही. अशा वेळी ‘‘काय सांगितलं ते एकदा तू सांग बघू’’ असे विचारावे. दोन मिनिटे जातात, पण बोटे वाचतात.

मुलींच्या लग्नाच्या बोलणीतही हेच. स्थळ पाहून झाल्यावर मुलगी ‘ओके’ म्हणाली म्हणून घाईने सुपारी फोडू नये. तिला ‘चालेल’ म्हणायचे होते, ‘आवडलं’ म्हणायचे होते, की ‘तुम्ही म्हणताय म्हणून’, हे आईने जवळ बसवून तिच्याच भाषेत विचारावे. मग ती भाषा मराठी असो वा कन्नड.

‘ओके’ला घराबाहेर काढा असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी तो जाणार नाही. पण जिथे शब्द द्यायचा, जबाबदारी घ्यायची किंवा मन मोकळे करायचे, तिथे आपला शब्द वापरावा. तुमच्या घरात होकाराचे कोणते शब्द आजही बोलले जातात? आजी-आजोबांना विचारून जरूर कळवा.