सायकलीला मोटर, वाटांना वाली कोण?

सार्वजनिक जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने यांचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याचे तत्कालीन मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी २९ ऑगस्ट २०१९ रोजी एक आदेश काढला. ज्या वाटेवर साध्या सायकलीला मुभा आहे, त्या वाटेवर विजेच्या सायकलीलाही मुभा असावी, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय उद्यान सेवेने आपले धोरण त्याबरहुकूम जाहीर केले. वरवर पाहता बाब किरकोळ होती. वस्तुतः माणसाने रानात किती दूर, किती वेगाने आणि कोणाच्या संमतीने जावे, हा जुना प्रश्न त्या आदेशाने नव्या रूपात उभा केला. डोंगरी सायकलीला मोटर लागली आणि तिच्यावर बिऱ्हाड बांधून दिवसेंदिवस भटकणाऱ्यांचा वर्ग वाढू लागला. हा प्रश्न आता अमेरिकेपुरता उरलेला नाही.

या वाहनाचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. रुंद, दातेरी टायरांची डोंगरी सायकल, तिच्या फ्रेमला, हँडलला आणि सीटमागे आवळून बांधलेल्या पिशव्या, त्यांत तंबू, अंथरूण, शिधा आणि पाणी, अशा सरंजामानिशी कच्च्या वाटांनी केलेल्या मुक्कामाच्या प्रवासाला बाइकपॅकिंग हे नाव रूढ झाले आहे. यामाहा कंपनीने १९९३ साली जपानमध्ये पायडलला साह्य करणारी विजेची सायकल बाजारात आणली. आज तेच तत्त्व डोंगरी सायकलीत वापरले जाते. स्वार पायडल मारील तेवढा वेळच मोटर हातभार लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. युरोपीय संघाच्या नियमानुसार मोटरची शक्ती २५० वॉटपर्यंत असेल आणि तिचे साह्य ताशी २५ किलोमीटरला संपत असेल, तर ते वाहन सायकलच गणले जाते. अमेरिकेत ही मर्यादा ७५० वॉटपर्यंत सैल असून साह्याचा वेग प्रकारपरत्वे ताशी ३२ किंवा ४५ किलोमीटर आहे. तेथे पायडल न मारता केवळ मोटरवर धावणारा एक प्रकारही विजेच्या सायकलींतच मोडतो.

या सायकलीवर पहिला आक्षेप येतो तो कष्टाचे माहात्म्य मानणाऱ्यांकडून. घाम न गाळता गाठलेला घाटमाथा हा घाटमाथाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप नवा नाही. फ्रान्समधील सेंट-एतिएनचा पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा सायकलस्वार गिअर बदलणाऱ्या सायकलींचा पुरस्कार हयातभर करीत राहिला. त्या वेळी टूर द फ्रान्स शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी असली साधने पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, अशी संभावना केली होती. त्या शर्यतीत साखळी सरकवून बदलणाऱ्या गिअरांना परवानगी मिळाली ती १९३७ साली. आज गिअर असलेली सायकल चालवणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. गिअर स्वाराची शक्ती वाटून देतो आणि मोटर बाहेरची शक्ती आणते, हा फरक खरा आहे. शर्यतीत तो निर्णायक ठरतो. प्रवासात ठरत नाही. गुडघे झिजलेला गृहस्थ, हृदयविकारातून उठलेली स्त्री, किंवा दणकट जोडीदाराबरोबर जाऊ इच्छिणारी अशक्त व्यक्ती यांना या मोटरने डोंगराचे दार उघडून दिले आहे. ते दार कष्टाच्या नावाने बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु कष्टवाद्यांना उत्तर दिले म्हणजे वाटेला उत्तर मिळाले, असे होत नाही. विजेच्या सायकलीचे समर्थक नेमकी हीच गल्लत करतात. ओरेगॉन राज्याच्या पश्चिम भागातील एका जंगलात २०१५ साली झालेल्या छोट्या पाहणीत पायडलला साह्य करणाऱ्या सायकलीने उकरलेली माती आणि साध्या डोंगरी सायकलीने उकरलेली माती यांत फारसे अंतर आढळले नाही. मोटारसायकलीने मात्र पुष्कळच अधिक माती उकरली. हा निष्कर्ष समर्थकांच्या बाजूचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण ती पाहणी सायकलींसाठीच बांधलेल्या वाटांवर झाली आणि तिने केवळ उकरलेली माती मोजली. फेऱ्या किती वाढतील आणि कोठवर पोहोचतील, हे तिने मोजले नव्हते. खरा प्रश्न तर तोच आहे.

आजवर दुर्गम जागांचे रक्षण कायद्यापेक्षा अंतराने आणि चढाने अधिक केले. हे दोघे बिनपगारी पहारेकरी होत. दिवसभराच्या पायपिटीपलीकडे असलेल्या पठारावर मोजकी माणसे पोहोचत, म्हणूनच तेथील गवत, पाणवठे आणि घरटी शाबूत राहिली. मोटरचा खरा परिणाम या पहाऱ्यावर होतो. पूर्वी दिवसाकाठी तीसेक किलोमीटर कच्ची वाट कापणारा स्वार तेवढ्याच श्रमात बरेच पुढे जातो. जो मुळीच गेला नसता, तोही जातो. एकेका स्वाराचा यात काही अपराध नाही. मात्र पहारा उठल्यावर त्या जागी दुसरा कोणता पहारा बसवायचा, याचा विचार सामुदायिकरीत्या करावाच लागेल.

मोटर माणसाला जितके दूर नेते, तितके परत आणण्याची हमी ती देत नाही, ही दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो वजन धरले, तर ते एक हजार मीटर उंच चढवण्यास सुमारे २८५ वॉट-तास ऊर्जा लागते. टायरांचे घर्षण आणि मोटरमधील घट वेगळीच. ६०० वॉट-तासांच्या बॅटरीत आणि निम्मा भार पायांनी उचलला असता, दोन-अडीच हजार मीटर चढाची बेगमी होते. वाळू, चिखल, उलटा वारा किंवा थंडी असेल तर त्याहूनही कमी. ही बॅटरी भरण्यास पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे खर्च नगण्य. पण भिंतीतला प्लग आणि चार-पाच तासांची सवड लागते. घडीचे सौर पत्रे दिवसभर उन्हात धरले तरी ती पूर्ण भरेल याची शाश्वती नाही. विमानाने प्रवास करणाऱ्याची अडचण आणखी मोठी. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून नेण्यास मनाई असल्याने मुंबईहून लेहला निघालेल्या स्वाराला आपली बॅटरी मागेच ठेवावी लागते.

कॅनडातील जॅस्परपासून न्यू मेक्सिकोतील अँटलोप वेल्सपर्यंत जाणारा ग्रेट डिव्हाइड मार्ग जवळजवळ पाच हजार किलोमीटरचा आहे. मिझूला येथील ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने त्याचे नकाशे तयार केले. त्या मार्गावर वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये दीडशे किलोमीटरहून अधिक पट्टा असा आहे, की जेथे गाव नाही आणि पाणीही दुर्मीळ. तेथे बॅटरी संपली, तर वीस-पंचवीस किलोची सायकल वर सामानासह रेटणे हे बारा-चौदा किलोची साधी सायकल रेटण्यापेक्षा अगदी निराळे काम आहे. म्हणून मोटरने जेथवर नेले, तेथून मोटरविना परत येता येईल एवढेच पुढे जावे, हा या प्रवासाचा पहिला नियम असायला हवा. तो न पाळणाऱ्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. अडकलेल्याच्या शोधासाठी रात्री कंदील घेऊन निघतात ती जवळच्या गावचीच माणसे.

आता कायद्याकडे वळू. अमेरिकेतील त्या आदेशाची पुढची कहाणी बोधप्रद आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने त्याला नियमाचे रूप दिले. कोणत्या वाटेवर विजेच्या सायकली सोडायच्या, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक उद्यानाच्या अधीक्षकाकडे सोपवण्यात आला. पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. मे २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला, की परिणामांचा पुरेसा अभ्यास न करता हा नियम करण्यात आला आणि त्यामुळे पर्यावरणविषयक कायद्याचा भंग झाला. नियम रद्द झाला नाही; फेरविचारासाठी खात्याकडे परत गेला. त्याच देशाच्या वनसेवेने २०२२ सालीच वेगळी वाट धरली. विजेची सायकल हे मोटर-वाहनच आहे असे तिने ठरवले. जी वाट मोटरींना बंद आहे, ती या सायकलींना खुली करायची असेल, तर स्थानिक परिस्थितीचा अभ्यास आणि लोकांची मते यांनंतरच करावी, असेही ठरवले. एका खात्याने आधी मुभा दिली आणि मग अभ्यासाचे बंधन ओढवून घेतले. दुसऱ्याने आधी अभ्यास मागितला. यांपैकी दुसरा मार्गच शहाणपणाचा, हे सांगण्यास न्यायालयाची गरज भासू नये. १९६४ च्या वन्यप्रदेशविषयक कायद्याखाली राखून ठेवलेल्या मुलखात तर साधी सायकलही चालत नाही. सर्वांना सर्वत्र प्रवेश हे तत्त्व त्या देशानेही कधी स्वीकारलेले नाही.

हा बोध महाराष्ट्राने वेळीच घ्यावा. भारताच्या मोटर-वाहन नियमांप्रमाणे २५० वॉटहून कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाचे बॅटरीवरील वाहन हे मोटर-वाहन मानले जात नाही. त्यास नोंदणी वा परवाना लागत नाही. सडकेसाठी ही व्याख्या ठीक आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांसाठी आणि सड्यांसाठी ती पुरेशी नाही. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर जांभ्यावरची माती बोटभर जाडीची आहे. फुलांच्या दिवसांत तेथे पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवावी लागते, ती पायी येणाऱ्यांमुळेच झालेल्या नासधुशीनंतर. असे कितीतरी सडे आहेत, की ज्यांना ना कुंपण आहे ना नाव. पावसाळ्यात तेथे उमटलेला टायरचा चर पुढच्या पावसात ओहोळ होतो.

शिवाय सह्याद्रीतील वाटा मौजेसाठी पाडलेल्या नाहीत. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, गुरे हाकणारा धनगर, शाळेला निघालेली पोरे यांच्या त्या रोजच्या वाटा आहेत. हातभर रुंदीच्या वळणावर चढातही वेगाने येणारी सायकल त्यांच्या वाट्याला आली, तर बाजूला कोणी व्हायचे, हा प्रश्न सौजन्याचा न राहता हक्काचा होतो. त्याचे उत्तर वाट वापरणाऱ्याच्या बाजूने द्यावे लागेल.

यासाठी बंदीची भाषा नको आणि सरसकट मुभेचीही नको. वनखात्याने आणि ग्रामसभांनी मिळून वाटांची यादी करावी; कोणती वाट खुली, कोणती कोरड्या दिवसांतच खुली आणि कोणती कायमची बंद, हे सायकली मोठ्या संख्येने येण्याआधी ठरवावे. पायडलविना धावणाऱ्या सायकलींना डोंगरवाटा बंद असाव्यात. भाड्याने सायकली देणाऱ्यांकडून वाटेच्या डागडुजीसाठी पैसा घ्यावा आणि तो गावातच खर्च व्हावा. बॅटरी भरण्याची सोय गावातील घरांतून रास्त मोबदल्याने झाली, तर भारनियमनाच्या वेळा सांभाळूनही त्या घरांना चार पैसे मिळतील आणि प्रवासी कोठे गेला, हे निदान कोणाला तरी ठाऊक असेल.

विजेची सायकल ही ना पाप आहे ना पराक्रम. वयाने किंवा आजाराने ज्यांच्याकडून डोंगर हिरावून घेतला, त्यांना तो परत देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे, आणि तेवढ्यासाठी तिचे स्वागत झाले पाहिजे. मात्र ज्या चढाने आजवर डोंगर राखला, तो चढ आता पुरेसा राहिलेला नाही. त्याचे काम नियमाने आणि स्वाराच्या विवेकाने करावे लागेल. नियम उशिरा आला, तर वाचवण्याजोगे फारसे काही उरलेले नसेल.