सोयाबीन आपलं, तेलाचा भाव मलेशियाचा

मागच्या महिन्यात मेहकरच्या बॅचमध्ये एक पोरगा मशीनचं कोटेशन घेऊन आला. छोटा एक्सपेलर, फिल्टर, शेड, वीज, सगळं धरून नऊ लाख. म्हणाला, "सर, घरचं आठ एकर सोयाबीन आहे. व्यापाऱ्याला मातीमोल देण्यापेक्षा तेलच काढून विकतो. पीएमएफएमईमधून ३५ टक्के सबसिडी आहे." मी विचारलं, "तुझा स्पर्धक कोण?" म्हणाला, "चिखलीत एक जण आहे, खामगावात दोघं-तिघं." मी म्हटलं, "नाही रे बाबा, तुझा स्पर्धक मलेशियात बसलाय."

सगळे हसले. पण नऊ लाखांचा प्रश्न आहे, म्हणून आज तेवढ्यावरच लिहितो.

मलेशिया म्हणजे नकाशात थायलंडच्या खाली लोंबणारी शेपटी, आणि समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावरची साबाह अन् सारावाक ही दोन राज्यं. विषुववृत्ताला लागून, त्यामुळे बारा महिने पाऊस. आपण मृगाची वाट बघत बसतो. तिथे पामचं झाड वर्षभर फळतं आणि दर दहा-पंधरा दिवसांनी घड उतरवतात. एका एकरातून वर्षाला साधारण चौदा क्विंटल तेल निघतं. आता आपलं बघा. एकरी पाच क्विंटल सोयाबीन धरा. त्यात तेल १८ टक्के, म्हणजे ९० किलो. तेही सगळं निघालं तर! छोट्या एक्सपेलरमध्ये दाबलं की ढेपेतच पाच-सहा टक्के तेल राहून जातं. मोठे सॉल्व्हंट प्लांट हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणतात. म्हणजे आपण शेतातही मागे आणि मशीनमध्येही मागे. अशा वेळी रेटवर भांडायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बरं, हे झाड मूळचं मलेशियाचं नाहीच. ते पश्चिम आफ्रिकेतलं. इंग्रजांच्या राज्यात हा देश कथील आणि रबरावर जगायचा, आणि रबरही उसनंच. ब्राझीलचं बियाणं लंडनच्या क्यू बागेत रुजवून त्याची रोपं १८७७ मध्ये सिंगापूरला आणली. तिथून मळे पसरले.

साधारण त्याच काळात आपल्या खामगावात काय चाललं होतं? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः जलंब-खामगाव रेल्वेच्या उद्घाटनाला आले. तोवर युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, तेजी ओसरली होती. कापसाच्या गाठी या रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला गेल्या. सूत तिकडे, कापड तिकडे, नफा तिकडे. खामगावला व्यापार मिळाला, हे नाकारत नाही. पण माल कच्चाच गेला.

मलाया १९५७ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तोही याच अवस्थेत होता. कृत्रिम रबराने नैसर्गिक रबराचं कंबरडं मोडत आणलं होतं. १९५६ मध्ये सुरू झालेल्या फेल्डा या सरकारी संस्थेने भूमिहीन कुटुंबांना मळे लावून दिले, आणि पुढे रबराऐवजी पामवर भर दिला. पण माझ्या मते खरा डाव सत्तरच्या दशकातला. कच्चं तेल बाहेर पाठवलं तर जास्त निर्यात कर, रिफाइंड पाठवलं तर कमी. झालं, रिफायनऱ्या देशातच उभ्या राहिल्या. शिवाय तोडलेला घड चोवीस तासांच्या आत गाळावा लागतो, नाहीतर तेल खराब होतं. त्यामुळे गिरणी मळ्याजवळच आली. आपल्याकडे सोंगणी झाली की पोतं भरून थेट मार्केट यार्ड!

सगळं गोड नाही हां तिथलं. पामसाठी प्रचंड जंगल तुटलं, आणि मळ्यात राबायला इंडोनेशिया-बांगलादेशातून मजूर आणावे लागतात. आंधळं कौतुक करायला मी बसलेलो नाही.

आता वर्तमान. भारताला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि पामतेलाचे आपण जगातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, तर आपल्या किराणा दुकानातला डबा महागला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरची मूळ आयात ड्यूटी शून्यावरून २० टक्के केली. सगळ्यांना वाटलं, आता सोयाबीन उसळणार. पण त्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्याही खालीच राहिला. का? कारण सोयाबीनमध्ये तेल पाचवा हिस्सासुद्धा नाही, बाकी सगळी ढेप. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळायला लागला आणि ढेपेचा भाव पडला. पुढे मे २०२५ मध्ये ड्यूटीही १० टक्क्यांवर आली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सोयाबीनला तेलबी म्हणून बघणं सोडा. त्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत, तो खरा माल. टोफू बनवा म्हणणारे व्हिडिओ भरपूर आहेत. बनवा, पण आधी लोणार-सिंदखेड राजाकडे टोफू खाणारी दहा घरं मला शोधून दाखवा. त्यापेक्षा जवळचं गिऱ्हाईक म्हणजे पोल्ट्री. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, नीट भाजून द्यावं लागतं. तेवढं काम छोट्या युनिटला जमतं. आणि तेलच काढायचं असेल तर शेंगदाणा, तीळ, करडई घ्या. तिथे गिऱ्हाईक वासाला, चवीला आणि तुमच्या शब्दाला पैसे देतं, पामोलिनच्या रेटशी ताडून बघत नाही. मात्र हे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत जास्त आहे. समृद्धी महामार्ग मेहकरवरून जातो खरा, पण डबा पोचवायचा खर्च आधी कागदावर मांडा.

तो पोरगा सध्या कोटेशन पिशवीत ठेवून पोल्ट्रीवाल्यांकडे फिरतोय. भाजलेलं सोयाबीन किती भावाने घ्याल, महिन्याला किती पोती लागतील, पैसे किती दिवसांनी द्याल, एवढे तीनच प्रश्न त्याला लिहून दिलेत. पहिल्या दोघांनी उधारी दीड महिन्याची सांगितली. आता तो खेळतं भांडवल मोजत बसलाय, जे त्या नऊ लाखांत कुठेच धरलेलं नव्हतं.