लाइट पार्टीची संध्याकाळ

दिवाळीच्या सुटीत आम्ही इंग्लंडला भाचीकडे गेलो होतो. तिच्या ५ वर्षांच्या मुलाला वर्गमित्राच्या आईचे बोलावणे आले: ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ‘लाइट पार्टी’.

३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. नावही त्यावरूनच आले. आता मात्र दुकाने कवट्या आणि चेटकिणींनी भरतात आणि मुले भुतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागतात. हे तिथल्या बऱ्याच चर्चना पसंत नाही, म्हणून काही चर्च त्याच संध्याकाळी मुलांना आपल्याकडे बोलावतात. भुताखेताचे कपडे नकोत. तारा, सूर्य, काहीही उजळ चालेल.

आम्हाला हे ओळखीचे वाटले. ‘सगळी मुले करतात, मग मी का नको?’ हा प्रश्न त्यांच्याही घरात आहे तर! नको म्हणणे सोपे असते. नको म्हटल्यावर मुलाने त्या संध्याकाळी करायचे काय, याचे उत्तर आपण फारसे शोधत नाही. त्यांनी शोधले होते.

जावयांना पटले नाही. “भुते नकोत म्हणून चर्चमध्ये न्यायचे? तिथे त्यांची इबादत होणार.” त्यांचे चुकत नव्हते. भाचीने वाद न घालता त्या बाईंनाच विचारले. उत्तर सरळ आले: खेळ, हस्तकला, एक गोष्ट, शेवटी प्रार्थना, तुम्ही प्रार्थनेआधी निघालात तरी कुणी मनाला लावून घेणार नाही. जेलीच्या गोळ्यांत डुकराचे जिलेटिन असू शकते, तेव्हा मुलाचा डबा सोबत आणा. जावई थोडे नरमले. “खाला, तुम्ही सोबत असाल तर जा.”

तिथे त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मगरिबची नमाज पढून आम्ही निघालो. नातू अंतराळवीर झाला होता. (चाळिशीतच नानी म्हणवून घ्यायची आम्हाला अजून सवय नाही.) मुलांनी काचेच्या बरण्यांवर रंगीत कागद चिकटवून कंदील केले. मग गोष्ट सुरू झाली, आंधळ्याला दृष्टी मिळाल्याची. नातवाने आमची बाही ओढली. “नानी, ही तर अम्मीची गोष्ट!”

खरेच होते. हजरत ईसा (अ.स.) अल्लाहच्या हुकुमाने आंधळ्यांना बरे करीत, हे कुरआनात आहे. पण गोष्ट सांगणाऱ्या मुलीने पुढे ‘देवाचा पुत्र’ म्हटले आणि पोराने वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी वाद काढायचा नसतो. प्रार्थनेसाठी सगळे उभे राहू लागले तसे आम्ही कोट चढवून बाहेर पडलो.

रस्त्यात त्याने विचारले, “त्या दीदी तसे का म्हणाल्या?”

“त्यांचा तसा विश्वास आहे,” भाची म्हणाली. “आपण त्यांना अल्लाहचे नबी मानतो.”

“मग गोष्ट खोटी?”

“गोष्ट खरी आहे, बेटा.”

त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण घरी ही गोष्ट आधी ऐकली नसती, तर त्याला काही खटकलेच नसते. म्हणून आमचे मत असे: अशा ठिकाणी लहान मुलाला एकटे पाठवू नये, आणि हजरत ईसा आपले कोण, हे घरी सांगितले नसेल तर नेऊही नये.

घरी पोहोचलो तर दारात दोन सांगाडे उभे, आणि जावई त्यांना चॉकलेटे वाटत होते! आम्हाला पाहून ओशाळले. “शेजारची मुले आहेत. परत कसे पाठवायचे?”

पुढच्या वर्षीचे अजून ठरलेले नाही. जावई म्हणतात, त्या दिवशी आपल्याच घरी चार मुले बोलवावीत. भाची विचारते, स्वयंपाक कोण करणार?