सुनेची सुटका का होत नाही?

मराठी घरात मालिका पाहणाऱ्या माणसाला थोडं चोरट्यासारखं वागावं लागतं. ‘आई बघते म्हणून बसतो’, ‘जेवताना चालू असते, एवढंच’ अशी कारणं पुढे केली जातात. पाच दिवस कसोटी सामना पाहणाऱ्याकडे मात्र कुणी खुलासा मागत नाही. टवाळीचे मुद्देही ठरलेले आहेत: एका थपडेभोवती तीनदा गरगरणारा कॅमेरा, झोपतानाही भरजरी साडी, मनातलं मोठ्यानं बोलणारी खलनायिका. हे सगळं खरं आहे, पण त्याचं मूळ प्रेक्षकाच्या बुद्धीत शोधणं चूक आहे. रोजची मालिका पाहिली जाते तितकीच ऐकलीही जाते. साडेसातला ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईची पाठ टीव्हीकडे असते, म्हणून कारस्थान उच्चारून दाखवावं लागतं. काल कुणाचा भाग चुकलेला असतो, म्हणून कालचीच बातमी आज दुसऱ्या पात्राच्या तोंडून परत येते. चातुर्मासात देवळात पुराण सांगणारे बुवाही कालची कथा उजळल्याशिवाय पुढे सरकत नसत. चाहत्याला या युक्त्या पाठ असतात. ‘पाणी घालतायत’ हा शेरा मालिकांवर टीका करणाऱ्या विद्वानांनी शोधलेला नाही. तो सोफ्यावर बसून रोज मालिका पाहणाऱ्यांचाच आहे.

गोष्ट हप्त्याहप्त्यानं ऐकण्यातही काही हलकेपणा नाही. 1890 मध्ये हरी नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः छापली. मराठी कादंबरीचा मानदंड म्हणून आज अभ्यासक्रमात बसलेलं हे पुस्तक तेव्हाच्या वाचकानं नायिका यमूचं पुढं काय होणार या काळजीत, आठवडा-आठवडा थांबून वाचलं. सासर, माहेर, जाच, घरातलं राजकारण, सगळा मसाला त्यात होता. आजच्या मालिकेशी तुलना केली तर विषय फारसा बदललेला नाही आणि वाट पाहण्याची गोडीही तीच आहे. फरक एकच आणि मोठा: हरिभाऊंना गोष्ट कुठं न्यायची ते ठाऊक होतं आणि तिथं पोचल्यावर त्यांनी ती संपवली. मालिकेच्या चाहत्याला नेमकं हेच मिळत नाही. रटाळ प्रसंग तो हसत सोसतो, त्याची खरी फसवणूक होते ती शेवट नाकारला जातो तेव्हा.

आपल्याकडे मालिका आली ती शेवटासकट आली होती, हे आता विसरलं गेलं आहे. 1982 साली माहिती व नभोवाणी खातं सांभाळणारे आपले वसंत साठे मेक्सिकोत जाऊन आले आणि तिथल्या मालिकांनी लोकांत कुटुंबनियोजनासारखे विषय कसे पोचवले याची कल्पना बरोबर घेऊन आले. त्यातून पुढे जुलै 1984 मध्ये मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून ‘हम लोग’ सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे, प्रेक्षक ढिगानं पत्रं पाठवायचे, आणि दीडशेच्या थोड्या वर भाग झाल्यावर, दीड वर्षात, मालिकेनं निरोप घेतला. मेक्सिकोचा टेलिनोव्हेला असाच असतो. काही महिने चालतो आणि संपतो. याच्या उलट अमेरिकेतली ‘गाइडिंग लाइट’ 1937 मध्ये रेडिओवर सुरू होऊन 2009 मध्ये टीव्हीवर संपली. आपण बी मेक्सिकोचं आणलं, झाड मात्र अमेरिकेचं वाढवलं. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी चालून 3 हजारांहून अधिक भागांपर्यंत गेली. नावातल्या चार दिवसांची इतकी थट्टा दुसऱ्या कुणाला करता आली नसती!

शेवट नसण्याचा परिणाम फक्त लांबीवर होत नाही, कथेच्या नीतीवर होतो. मालिका बायकांना मागं नेतात, सोशिकतेचं कौतुक करतात, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पण लेखकांच्या मनात सनातनी विचार ठासून भरलेत म्हणून असं होतं, हे मात्र पटत नाही. गोष्ट संपवायची परवानगी नसेल तर अन्यायही संपवता येत नाही. सासू सुधारली, नवऱ्याला अक्कल आली, कारस्थान उघडं पडलं, की उद्या दाखवायचं काय? म्हणून पुरावा ऐन वेळी हरवतो, साक्षीदार बेशुद्ध पडतो आणि सून आणखी सहा महिने सोसते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका मसाल्यांच्या धंद्यातून उद्योजिका झाली. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर याहून चोख उत्तर कोणतं? तरी 2016 मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण 2021 पर्यंत मिटलं नाही. ‘आई कुठे काय करते’चं उदाहरण तर जास्तच बोचतं. मूळ बंगालीतल्या ‘श्रीमोयी’वरून आलेल्या या मालिकेनं मोठ्या मुलांची आई असलेल्या अरुंधतीला घटस्फोट घ्यायला लावला, गाण्यातून स्वतःच्या पायावर उभं केलं, पुन्हा लग्नही करू दिलं. हरिभाऊंच्या यमूला स्वप्नातही दिसलं नसतं असं हे आयुष्य रोज संध्याकाळी लाखो घरांत पोचलं, आणि तिथं त्यावर वादही झाले. लग्नानंतर गोष्ट थांबली असती तर मराठी टीव्हीवरची ती एक मोठी कलाकृती म्हणून सांगता आली असती. पण मालिका चालूच राहिली, म्हणून तिचा दुसरा नवरा आशुतोष अपघातात गेला आणि अरुंधतीच्या वाट्याला नवं दुःख आलं. पाच वर्षांच्या आसपास चालून नोव्हेंबर 2024 मध्ये ती संपली, तेव्हा तिची सायंकाळची जागाही गेली होती.

वाहिन्यांचं म्हणणं असतं की आम्ही प्रेक्षकांचंच ऐकतो. ऐकत नाहीत, मोजतात. देशभरातल्या निवडक घरांत यंत्रं बसवलेली असतात, त्यांवरून आठवड्याचे आकडे निघतात आणि त्या आकड्यांवर कथेचा ट्रॅक वळतो, काही वर्षांचा लीप येतो, एखादं पात्र परदेशी रवाना होतं. ‘हम लोग’ला पत्र लिहिणारा माणूस काय पटलं, काय नाही हे सांगत होता. यंत्राला फक्त कोणती वाहिनी चालू आहे आणि समोर कोण बसलं आहे एवढं कळतं. चिडून पाहणारा, सवयीनं पाहणारा आणि जीव टाकून पाहणारा यांत त्याला फरक करता येत नाही. ‘आवडत नसेल तर रिमोट हातात आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. दोन वर्षं ज्या घराबरोबर जेवलो त्या घराचं पुढं काय झालं हे जाणून घेण्याची ओढ हा चाहत्याचा दोष नाही, त्याच ओढीवर जाहिरातींचे दर ठरतात. ओटीटीकडे बोट दाखवणाऱ्यांनाही तेच सांगता येईल. तिथं शेवट असतो, हे खरं. पण प्रत्येक जण आपापल्या फोनवर, आपापल्या वेळी पाहतो. तीन पिढ्यांनी एका वेळी बसून एकाच बाईच्या वागण्यावर भांडण्याची जागा त्यानं भरून निघत नाही.

मालिका ठरलेल्या भागांत संपवण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे. मालिका चालते म्हणून स्पॉटबॉय, लाइटमन, रंगभूषाकार, कपडेपटवाले यांच्या चुली पेटतात. 2021 मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा युनिट्स थेट गोव्यात हलली, ती याच निकडीपोटी. नवा सेट, नवे प्रोमो यांचा खर्चही मोठा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाहिनीवरचा साडेसातचा स्लॉट कधी रिकामा राहत नाही. एक मालिका गेली की त्या जागी लगेच दुसरी येते. आणि आजच्या रीतीत कामगाराला कुठली शाश्वती आहे? आकडे घसरले की तीन-चार महिन्यांत मालिका गुंडाळतात. दोनशे भाग ठरलेले असतील तर निदान दोनशे भागांचं काम पक्कं.

शेवट माहीत झाला तर लोक पाहणार नाहीत, ही भीती उरते. तिचा निकाल 28 मार्च 2020 रोजी लागला. टाळेबंदीत दूरदर्शननं रामानंद सागरांची 1987 ची 78 भागांची ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतली. रावण मरतो हे ज्यांना पाळण्यापासून ठाऊक होतं, ते सगळे टीव्हीसमोर बसले आणि दूरदर्शनला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता असा प्रेक्षक मिळाला. तेव्हा वाहिन्यांना एवढंच मागणं: पुढच्या मालिकेच्या प्रोमोत ‘सोमवारपासून, संध्याकाळी साडेसात वाजता’ याच्या शेजारी भाग किती ते छापा.